तिसऱ्या मालकाची गाडी : डिझेलच्या स्वस्ताईचा इतिहास

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपण एका छोट्या जाहिरातीपासून करू. अशा जाहिराती रविवारच्या वर्तमानपत्रात आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. आता त्या मोबाइलवर येतात, पण भाषा तीच आहे. "विकणे आहे. फॅमिली कार. डिझेल. अ‍ॅव्हरेज २०. एम. एच. १२ पासिंग. सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड. कागदपत्रे क्लिअर. दलाल क्षमस्व."

इतिहासाचा विद्यार्थी ताम्रपट वाचतो, त्या पद्धतीने ही जाहिरात वाचायची असं आज आपण ठरवलं आहे. कारण हा खरोखरच एक दस्तऐवज आहे. त्यातल्या प्रत्येक शब्दामागे सरकारचं एखादं धोरण आहे, एखादा निवाडा आहे किंवा माणसांनी माणसांवर ठेवलेला, आणि न ठेवलेला, विश्वास आहे.

ही जाहिरात कोण वाचतं, तेही ध्यानात घेऊ. घरात दोन मुलं, म्हातारे आई-वडील, गावाकडे वर्षातून चार फेऱ्या. हातात अडीच-तीन लाख रुपये, त्यातले थोडे पतपेढीचे. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून जुनी. पेट्रोल परवडत नाही, म्हणून डिझेल. हा विचार वर्षानुवर्षं शहाणपणाचा समजला गेला. तो शहाणपणाचा का होता, आणि आज त्याचं काय झालं, एवढाच आपला प्रश्न आहे.

पहिला शब्द घेऊ : डिझेल.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये आऊग्सबुर्ग इथे झाली. कल्पना अशी की हवा इतकी दाबायची, की ती तापून तिच्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेटेल. दाब मोठा, म्हणून इंजिन जाडजूड, वजनदार आणि बनवायला महाग. पण त्याच अंतराला इंधन कमी लागतं. म्हणजे आधी जास्त पैसे भरा आणि पुढे थोडे-थोडे वाचवा, हा सौदा या यंत्राच्या रचनेतच आहे. असं यंत्र प्रथम कारखान्यांत, जहाजांत आणि मालमोटारींत गेलं. कुटुंबाच्या मोटारीत ते उशिरा आलं. मर्सिडीज-बेंझची २६० डी ही सुरुवातीच्या अशा मोटारींपैकी एक, ती १९३६ ची.

आपल्याकडे अ‍ॅम्बॅसिडरची डिझेल आवृत्ती १९८० च्या सुमारास आली. इंजिन १४८९ सीसीचं आणि ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती. पाच माणसं आणि टपावर वळकट्या घेऊन ही गाडी खंडाळ्याचा घाट चढायची तेव्हा मागच्या गाड्यांची रांग लागायची, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पुढे प्रीमियर पद्मिनीलाही इटालियन बनावटीचं डिझेल इंजिन बसलं. तरीही घरगुती मोटार म्हणजे पेट्रोल, हीच समजूत होती. डिझेल ही टॅक्सीची, जीपची, ट्रकची गोष्ट.

मग डिझेल स्वस्त का होतं? ते मुळात मोटारवाल्यांसाठी स्वस्त ठेवलंच नव्हतं. एस. टी., मालवाहतूक, ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं या सगळ्यांचा खर्च डिझेलवर ठरतो आणि त्यावर धान्य-भाजीचा भाव ठरतो. म्हणून सरकारने डिझेलची किंमत दाबून ठेवली आणि पेट्रोल हे पैसेवाल्याचं इंधन मानून त्यावर कर चढवला. धोरणामागचा हेतू समजण्यासारखा होता. पण पंपावरची नळी माणूस ओळखत नाही. जो डिझेलची टाकी घेऊन येईल त्याला ती त्याच भावाने डिझेल देते.

१९९३ मध्ये मोटार उद्योगावरची परवाना-पद्धत उठली. मारुतीने आपल्या झेन आणि एस्टीम या गाड्यांत पेजो कंपनीचं १५२७ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं. डिसेंबर १९९८ मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवडमधून टाटांची इंडिका आली. तिच्या यंत्रसामग्रीचीही गोष्ट आपल्या विषयाला साजेशी आहे. निस्सान कंपनीचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना टाटांनी विकत घेतला, सुटा केला, जहाजाने आणला आणि इथे पुन्हा उभा केला. म्हणजे आपली पहिली देशी डिझेल फॅमिली कार सेकंड हँड कारखान्यात तयार झाली! झेनएवढी लांबी, अ‍ॅम्बॅसिडरएवढी आत जागा, मारुती ८०० च्या आसपास किंमत आणि डिझेलचा खर्च, असं तिचं गणित मांडलं गेलं होतं. बुकिंग लाखाच्या वर गेलं. ट्रकसाठी राखलेल्या स्वस्ताईच्या दारातून मध्यमवर्ग सहकुटुंब आत शिरला तो इथे.

दुसरा शब्द : अ‍ॅव्हरेज.

हा इंग्रजी शब्द आपण मराठीत वेगळ्याच अर्थाने रुळवला आहे. लिटरला किती किलोमीटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज. गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि गाडी बघितलेली नसलेला शेजारीसुद्धा हाच विचारतो.

२००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. अशा गाडीवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. पाठोपाठ फियाटचं १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं इंजिन आलं. मारुतीने ते परवान्याने मानेसरला बनवलं आणि २००७ मध्ये स्विफ्टमध्ये घातलं. पुण्याजवळ रांजणगावलाही तेच इंजिन तयार होऊ लागलं. मारुती, टाटा, फियाट, शेवरोले अशा वेगवेगळ्या नावांच्या बॉनेटखाली हे एकच इंजिन असायचं, म्हणून लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. २०१२ ची डिझायर आठवून पाहा. तिची डिकी मागून छाटल्यासारखी दिसते. ती कात्री डिझाइनरची कमी आणि अर्थखात्याची जास्त! गाडी चार मीटरच्या आत बसवायची होती.

आता आकडे पाहू. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा झाला. डिझेलचा झाला नाही. दोन्हींतली दरी रुंदावत गेली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आत होतं. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि तशीच डिझेल गाडी २० किलोमीटर जाते असं धरू. पेट्रोलवर ज्या अंतराला १०० रुपये लागायचे, त्याला डिझेलवर ४२ रुपये पुरायचे. त्या काळात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी जवळपास निम्म्या डिझेलच्या होत्या, यात नवल काय?

मग गणित फिरलं. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा साधारण ५० पैशांनी वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचाही भाव मोकळा झाला. जून २०२० मध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, हे आधी कधी घडलं नव्हतं. तेव्हा आपल्या १०० रुपयांच्या अंतराला डिझेलवर ७५ रुपये लागू लागले. २०२५ मध्ये दिल्लीत पेट्रोल ९५ च्या किंचित खाली आणि डिझेल ८८ च्या किंचित खाली होतं. म्हणजे ६९ रुपये. ४२ चे ६९ झाले. अ‍ॅव्हरेज तेच आहे, जाहिरातीतला २० चा आकडाही खोटा नाही. त्या आकड्याला किंमत देणारं धोरण मात्र उठून गेलं.

आणि इथेच पहिला मालक आणि तिसरा मालक यांच्यातला फरक दिसतो. २०१२ मध्ये नवी गाडी घेणाऱ्याने लाखभर रुपये जास्त मोजले असतील, पण ते त्याने काही वर्षांत पंपावर वसूल केले. त्याची बचत करदात्यांनी भरली. तीच गाडी आज जो घेतो त्याच्या वाट्याला ती वसुली येत नाही. त्याच्या वाट्याला इंजेक्टर, टर्बो आणि क्लच येतात.

तिसरा शब्द : पासिंग.

एम. एच. १२ म्हटलं की पुणे, एम. एच. ०९ म्हटलं की कोल्हापूर. पासिंग म्हणजे आपल्या दृष्टीने गाडीचं गाव. पण पासिंगला जन्मतारीखही असते, आणि डिझेलच्या बाबतीत ती फार महत्त्वाची ठरली.

इंडिका बाजारात आल्याला चार-पाच महिने झाले असतील-नसतील, तोच एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात युरो-एक, आणि २००० पासून युरो-दोन, हे धुराचे निकष पाळणाऱ्या खासगी गाड्यांचीच नोंदणी होईल असं बजावलं. डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर तर संख्येची मर्यादा घातली. मुंबईतही त्याच सुमाराला धुराने त्रासलेल्या नागरिकांची याचिका उच्च न्यायालयात होती आणि त्यातूनच जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. म्हणजे एका हाताने स्वस्त डिझेल आणि दुसऱ्या हाताने धुरावर बंदी, असं एकाच वेळी चाललं होतं.

२०१२ हे वर्ष पुन्हा आठवा. ज्या वर्षी डिझेल गाड्यांची हौस कळसाला होती, त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणारा आहे असं निश्चित केलं. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर येऊ नयेत असा आदेश दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. जुलै २०२५ मध्ये दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असं सांगितलं.

यातून नैतिक प्रश्न उभा राहतो. धूर वाईट, याबद्दल वाद नाही. रस्त्याकडेला राहणाऱ्या, गाडीच नसलेल्या माणसाच्या छातीत तो जातो, हे सगळ्यात वाईट. पण बंदी येते तेव्हा ती गाडीच्या वयावर येते. आणि दहा वर्षांची गाडी कोणाकडे असते? पहिल्या मालकाने ती चौथ्या-पाचव्या वर्षी विकून टाकलेली असते. धूर सगळ्यांनी मिळून केला, दंड मात्र ज्याच्या हाती शेवटी किल्ली होती त्याला.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. दिल्लीत वयात आलेल्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत विकल्या जातात, आणि त्यांतल्या काही महाराष्ट्रातही येतात. रंग चकचकीत, भाव पडेल. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तेव्हा पासिंग बघताना गाव कमी आणि तारीख जास्त बघायची.

दुसऱ्या बाजूला १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. ते पेलायला डिझेल इंजिनाला महागडी साधनं जोडावी लागली. मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच सोडलं आणि ते राष्ट्रीय इंजिनही थांबलं. बीएस-सहा डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. ही काजळी जाळून टाकायला इंजिन काही वेळ सलग गरम चालावं लागतं. शाळा, मंडई, देऊळ अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही आणि जाळी तुंबते.

चौथा शब्द : सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड.

डॉक्टरच का? डॉक्टर गाडी जपून चालवतात, वेळेवर सर्व्हिसिंग करतात आणि खोटं बोलत नाहीत असं आपण मानतो. यांतलं किती खरं, ते बाजूला ठेवू. मुद्दा असा, की इथे विक्रेता गाडीचा गुण सांगतच नाही. तो माणसाचा गुण सांगतो आहे. कारण गाडीचा गुण आपल्याला दिसत नाही, हे त्याला माहीत आहे.

१९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने नेमका जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ मध्ये अ‍ॅकरलॉफना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं आपण आपल्या शब्दांत सांगू. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा मधला भाव देतो. मधल्या भावाला चांगली गाडी विकणं चांगल्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या खराब गाड्या. मग भाव आणखी पडतो. अप्रामाणिकपणाची किंमत फसलेला माणूस तर देतोच, पण जो प्रामाणिक आहे आणि ज्याची गाडी चांगली आहे, तोही देतो.

याच निबंधात अ‍ॅकरलॉफ भारतातल्या बाजाराचं उदाहरण देतात. बाजारातून आणलेल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरची बाई ते निवडत बसते. आपल्या आया-आज्या दुपारी सूप घेऊन बसायच्या, ते चित्र अर्थशास्त्राच्या गाजलेल्या निबंधात आहे. तांदूळ निवडता येतो, इंजिन मात्र निवडता येत नाही. म्हणून आपण ओळख शोधतो. मेहुण्याच्या ऑफिसातल्या साहेबांची गाडी, गल्लीतल्या डॉक्टरांची गाडी.

इथे आम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. २००९ मध्ये आम्ही २००३ ची एक डिझेल हॅचबॅक घेतली, ओळखीतूनच. मीटरवर ६२ हजार किलोमीटर होते. दोनेक महिन्यांनी गॅरेजवाल्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला, तर झाकणाच्या आत ऑइल बदलल्याची एक चिकटपट्टी निघाली. तिच्यावर आकडा होता १,१८,४००. गॅरेजवाले म्हणाले, "सर, मीटर मागं फिरवलंय." आम्ही विकणाऱ्याला फोन केला. ते म्हणाले, आम्ही घेतली तेव्हाही एवढंच होतं, आम्हाला काय माहीत? खरंही असेल.

गाडी पाच वर्षं वापरली. एकदा इंजिनाचं काम निघालं, बाकी तिने बरी साथ दिली. २०१४ मध्ये एका तरुण जोडप्याने ती घेतली, कडेवर लहान मूल होतं. त्यांनी टायर पाहिले, एसी लावून पाहिला, अ‍ॅव्हरेज विचारलं. मीटरबद्दल विचारलं नाही. आणि आम्ही सांगितलं नाही. आयुष्यभर वर्गात नीतिशास्त्र शिकवलेला माणूस त्या दिवशी गप्प बसला.

या गप्प बसण्यालाही मोठा इतिहास आहे. रोमन विचारवंत सिसरो कर्तव्यावरच्या आपल्या ग्रंथात विचारतो : दुष्काळात ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याने मागून आणखी जहाजं येत आहेत हे गिऱ्हाइकाला सांगावं का? बॅबिलोनचा डायोजेनीज म्हणतो, कायद्याने जेवढं सांगायला लावलं आहे तेवढं सांगावं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगावं. आपल्याकडे कौटिल्याने खरेदी-विक्री रद्द करण्याला मुदती दिल्या आहेत : व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. वस्तू घरी नेल्यावर कळते, हे त्याने ओळखलं होतं.

आज आपल्याला लागू असलेला कायदा म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम १७ खाली चार दाखले आहेत आणि त्यांतले पहिले तीन एका घोड्याचे आहेत. पहिला : लिलावात विकणाऱ्याला घोडा सदोष आहे हे माहीत आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक होत नाही. दुसरा : घेणारी व्यक्ती त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरा आपल्या सगळ्यात कामाचा : घेणारा विचारतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष आहे असं धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. इथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच आहे.

म्हणजे कायद्याच्या नजरेत आम्ही पहिल्या दाखल्यातले. ते जोडपं आमच्या मुलीच्या वयाचं होतं, पण आमची मुलगी नव्हती. कायद्याने आम्ही सुटलो. पण आमच्या गप्प बसण्याने आम्ही ५६ हजार किलोमीटरचं ओझं पुढच्या माणसाच्या खांद्यावर दिलं, जसं ते आमच्या खांद्यावर आलं होतं. सबसिडीचं आणि धुराचं आपण मघाशी जे पाहिलं, तेच इथे लहान आकारात झालं. फरक एवढाच, की त्या दोन्ही वेळी दोष देण्यासाठी सरकार होतं, आणि या वेळी आम्हीच होतो.

पाचवा शब्द : कागदपत्रे क्लिअर.

पैसे दिले, किल्ली घेतली, पेढे वाटले की गाडी आपली झाली असं आपल्याला वाटतं. कायद्याच्या नजरेत मालक तो, ज्याचं नाव नोंदवहीत आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात गाडी हातोहात तीन-चार जणांकडे गेली होती, पण नाव मूळ मालकाचंच राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन ते कपाटात ठेवू नयेत. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. बँकेचं कर्ज असेल तर बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ बघावा.

श्रोत्यांपैकी एकांनी मध्यंतरात विचारलं, "सर, एवढं सगळं खरं, पण घ्यायची की नाही?" रास्त प्रश्न आहे.

आमचं मत असं. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या वर, तेही बरंचसं हायवेवर, फिरणं असेल तर जुनी डिझेल गाडी अजूनही कामाची आहे. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर, तेही गावातल्या गावात असतील, तर पेट्रोल घ्यावी. डिझेलची बचत त्यात उभीच राहत नाही. तीन लाख हातात असतील तर गाडी अडीचचीच बघावी. उरलेले पन्नास हजार पहिल्या वर्षीच्या कामासाठी ठेवावेत, ते लागतातच.

गाडी बघायला सकाळी जावं आणि आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर कोणीतरी ती आपल्या येण्याआधी चालू करून ठेवली आहे. डिझेलचा खरा स्वभाव थंड इंजिन चालू करताना कळतो. काळा धूर सतत येत असेल तर इंजेक्टर किंवा हवेच्या वाटेत दोष, निळा आला तर ऑइल जळतं आहे, पांढरा थांबतच नसेल तर इंधन नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरतं आहे. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून पाहावं. भसाभसा धूर वर आला तर इंजिनाचं काम जवळ आलं आहे. टायमिंग बेल्ट असेल तर कधी बदलला ते विचारावं. पूर्वी टुरिस्ट परमिटवर होती का, ते नोंदीवरून काढावं. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांवरचे किलोमीटर मीटरशी ताडून पाहावेत. आणि हो, एअर फिल्टरचा डबा उघडायला सांगावा.

हे सगळं झालं की करार कायद्यातला तो तिसरा घोडा आठवावा. विकणाऱ्याच्या समोर बसून, शक्यतो दुसऱ्या माणसाच्या देखत, शांतपणे म्हणावं : "मीटर खरं आहे, अपघात झालेला नाही, इंजिन उघडलेलं नाही, असं आम्ही धरून चालतो. यात काही चुकत असेल तर आत्ताच सांगा." शक्य झालं तर हेच कागदावर लिहून सही घ्यावी. माणूस खोटं बोलायला लाजत नसेल, असं होऊ शकतं. पण पुष्कळशी माणसं खोटं बोलत नाहीत, ती फक्त गप्प बसतात. त्यांना गप्प बसायची सोय ठेवू नये. त्या जोडप्याने हा एक प्रश्न विचारला असता, तर आम्ही खरं सांगितलं असतं असं आम्हाला वाटतं. आणि आज आपल्यापैकी कोणी जुनी गाडी विकणार असाल, तर प्रश्नाची वाट न पाहता सांगून टाका. भाव थोडा कमी येईल. तो कमी भाव म्हणजे आपल्या वाटणीचा हिशेब आहे, तो पुढच्याच्या नावावर टाकू नये.

वेळ झाली आहे. इथे थांबू या.